लांबुडकी, बुटकी आणि माझी जीभ

जावयानं अमेरिकेहून आणलेल्या दोन बाटल्यांपैकी आपण कुठली ठेवायची, एवढंच मला ठरवायचं होतं. मी चौथी नापास माणूस, पण आजवर तीन बैलजोड्या, दोन विहिरींच्या जागा आणि एक जावई मी स्वतः निवडला. त्यात फक्त एक विहीर कोरडी निघाली. (दुसरीला उन्हाळ्यात पाणी नसतं, पण ती गोष्ट वेगळी.) तेव्हा दोन बाटल्या म्हणजे माझ्या हातचा मळ.

शहाण्णव सालचा डिसेंबर होता. जावई नागेश, म्हणजे आमच्या योगिनीचा नवरा, अमेरिकेत कॉम्प्युटरवर आहे. (कॉम्प्युटरवर बसून काय करतो ते मी चारदा विचारलं, चारही वेळा त्यानं वेगळं सांगितलं.) सुट्टीत एकटाच आला, आमच्याकडं लोणी भापकरला दोन दिवस राहिला आणि पुण्याला कामासाठी जाताना माझ्यापुढं दोन बाटल्या ठेवल्या. एक लांबुडकी, एक बुटकी.

"मामा, ही बर्बन. एक तुमची, एक आमच्या आबांची."

"बर्बन म्हंजी?"

"दारूच. मक्याची."

"मक्याची? मका आमी म्हशीला घालतो."

"तिकडं माणसांना घालत्यात," जावई म्हणाला. "ही लांबुडकी बुटकीच्या दुप्पट किमतीची. पण आमच्या हापिसात निम्मे लोक म्हणत्यात, बुटकीच भारी. तुमची जीभ गुळव्याची. दोन्ही उघडा, झाकण-झाकण चाखा आन् पसंत पडंल ती ठेवा. दुसरी रविवारी पळसदेवला आबांना देऊ."

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीतला रस कधी उतरवायचा ते सांगणारा माणूस. तीस वर्षं मी ते केलं. बोटभर काकवी चाटून ऊस कुणाच्या रानातला ते सांगायचो. पुढं सगळा ऊस सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्याला जायला लागला, गुऱ्हाळ बसलं, आणि माझी जीभ नुसती तोंडात पडून राहिली. (आता ती फक्त भांडायला वापरतात, हे बायकोचं मत.)

आणि हे नेमकं बोलून दाखवायचा माझ्या व्याह्याला नाद. नागेशचे वडील, म्हणजे त्याचे आबा, सर्जेराव. इंदापूर तालुक्यातले मोठे बागायतदार. भेटले की पहिलं वाक्य ठरलेलं : "काय जोतीराव, आता गूळ काय आन् चुना काय, समदं सारकंच लागत आसंल न्हवं?" आणि हे चार माणसांत. मुलीचा बाप म्हणून मी हसायचो. हसून हसून माझे दात झिजले.

तेव्हा मी ठरवलं, आता चांगली बाटली आपण ठेवायची आणि डावी व्याह्याच्या गळ्यात मारायची. जिभेचा निकाल जिभेनंच लागू दे.

जावयाची जीप वळणाला गेली आणि मी कामाला लागलो. लांबुडकीचं झाकणभर घेतलं. मऊ. घशातून कुणाला त्रास न देता गेली. मग बुटकीचं. ही आली ती ओरडतच आली. आधी भाजलेल्या कणसाचा वास, मग काहिलीच्या बुडाला किंचित लागलेल्या रसाचा, आणि मागून जळक्या लाकडाचा. वा! पण दुसरीची चव घेईस्तोवर मी पहिलीची विसरलो. परत पहिली घेतली. तर दुसरी विसरलो.

(हसू नका. न्यायाच्या कामात घाई करून चालत नाही.)

असा न्याय मी तीन दिवस केला. निकाल असा : चवीला बुटकी. किमतीला तर बुटकीच. दुप्पट किमतीचा बैल काय दुप्पट नांगरतो? आणि दुसऱ्या अंगानं बघा, महागडी लांबुडकी व्याह्याला दिली की सगळे म्हणणार, जोतीरावानं मन मोठं केलं. म्हणजे चांगली बाटलीही माझी आणि मोठं मनही माझंच.

शनिवारी सकाळी बाटल्या उजेडात धरल्या. बुटकी दोन बोटं उतरली होती. ती घरचीच, तिचं काही नाही. पण लांबुडकी चांगली चार बोटं उतरली होती. झाकण-झाकण चाखा म्हणालेला जावई. हे झाकण विहिरीचं होतं असं कसं सांगणार?

"आगं, जरा कोरा चहा टाक," मी कुशाबाईला म्हणालो. कुशाबाई म्हणजे आमचं कुटुंब. "माझ्या गुळाचा. घट्ट."

"किती?"

"तांब्याभर."

"तांब्याभर? कुणाला न्हायला घालायचंय?"

"घसा धरलाय."

"धरंल न्हाय तर काय. तीन दिस त्याला सोडलाय कुटं तुमी?"

चहा आला. मी माझ्या गुळाशिवाय चहा पीत नाही, हे गावाला माहीत आहे. पदरच्या उसाचा दरसाल थोडा गूळ मी अजून घरी करतो. साखर म्हणजे नुसता पांढरा गोडपणा, तिला आईबाप नाहीत. एक घोट चाखला. आपला गूळ! मग चहा गाळून लांबुडकीत ओतला. रंगाला रंग असा मिळाला की कंपनीचा माणूससुद्धा सही करून गेला असता.

रविवारी नागेश पुण्याहून परतला आणि मी, कुशाबाई आणि तो असे तिघं जीपनं पळसदेवला गेलो. उजनी धरणाच्या पाण्याकडेला सर्जेरावांचा मळा, अंगणात बाज, आत तळलेल्या मासळीचा वास. बाजेवर आधीच एक गृहस्थ बसले होते. मिशा दोन्ही कानांना विचारून वाढवलेल्या.

"हे आमचे आप्पासाहेब," सर्जेराव म्हणाले. "मिलिटरीतनं सुभेदार म्हणून रिटायर. दारूतलं ह्यांच्याइतकं जिल्ह्यात कुणाला कळत न्हाय."

मी लांबुडकीचं झाकण आणखी एक फेर आवळलं.

मी लांबुडकी पुढं केली. "घ्या सर्जेराव. महागातली तुमाला. मी आपली बुटकी ठेवली. जीपमदी हाय, जेवताना काडू."

सर्जेरावांनी बाटली घेतली नाही. डोळे बारीक केले. "तुमी? महागातली मला? जोतीराव, मग बुटकीच चांगली आसनार. नागेश, बुटकी जीपमदनं आण. सुभेदार, तुमी चाखून सांगा. चांगली निगंल ती माझी."

चहा सापडला असता तर मुलीच्या सासरी, सुभेदाराच्या समोर माझं नाक कापून त्या मासळीबरोबर तळलं असतं. पण नाही म्हणायचं कसं?

नागेशनं पाठ फिरवून दोन स्टीलच्या पेल्यांत ओतलं. सुभेदारांनी डोळे मिटले. पहिला पेला हुंगला, घोट घेतला, मान हलवली. "ठीक हाय. कडक हाय. जवानासाठी." मग दुसरा. घोट तोंडात घोळवला. गिळला. परत घेतला. परत घोळवला.

मी मनातल्या मनात चपला कुठं काढल्यात ते आठवत होतो.

"सर्जेराव," सुभेदार डोळे उघडून म्हणाले, "ही हाय दारू! काय गोडवा! काय मुरलीया! कमीत कमी बारा वर्षं लाकडात झोपलेली हाय ही."

(काल सकाळी चुलीवरून उतरलेली.)

सर्जेरावांनी चाखली. "आयला!" नागेशनं चाखली. "मामा, खरंच, तिकडं अशी लागली न्हवती!" कुठल्या पेल्यात कुठली ते जावयानं सांगितलं. दुसरा पेला लांबुडकीचा. सर्जेराव बाटली मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "म्हंजी बुटकी चांगली म्हून ठेवली तुमी? मी म्हंतो ना, जोतीरावांची जीभ ग्येली!"

आता तुम्ही सांगा. माझ्या गुळानं अमेरिका उताणी पाडली होती आणि जीभ माझीच गेली म्हणे! शहाणा माणूस गप्प बसला असता. मी उभा राहिलो.

"त्यात चार बोटं कोरा चहा हाय!" मी ओरडलो. "माझ्या गुळाचा!"

सुभेदारांच्या मिशा दोन्हीकडून एकदम खाली आल्या.

"मामा?" नागेश म्हणाला.

"व्हय. चार बोटं मी प्यालो, चार बोटं मी भरली. तुमची कंपनी बारा वर्षं लाकडात झोपवती, मी एका सकाळी जागी क्येली. बोला आता, कुनाची जीभ ग्येली?"

सर्जेराव माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते असे हसले की बाज करकरली. डोळे पुसत उठले, मला मिठी मारली.

"मानलं, जोतीराव! ह्यापुढं जिभेचं नाव काडनार न्हाय. आरं, टावेल-टोपी आणा! नारळ आणा! व्याह्यांचा सत्कार करायचाय!"

आणि खरंच केला. डोक्यावर टोपी, गळ्यात टॉवेल, हातात नारळ. शेजारच्या वस्तीवरची माणसं गोळा झाली. मी भाषण केलं. गुळाला रानाची ओळख असते, साखरेला बाप नसतो, मी डोळे मिटून एका थेंबात दोन्ही वेगळं सांगतो, असं बरंच बोललो. टाळ्या पडल्या. सर्जेराव म्हणाले, "मला धा किलो पाटवा त्यो गूळ." आणखी दोघांनी नावं दिली. तीस वर्षांच्या गुऱ्हाळात जे मिळालं नाही ते पळसदेवच्या अंगणात एका दुपारी मिळालं.

तेवढ्यात कुशाबाई मासळीचं ताट घेऊन दारात आली.

"कसला गूळ?" ती म्हणाली.

"त्या चहातला. शनवारचा."

"त्याच्यात कुटं गूळ हुता? साकर हुती."

मी हसलो. "आगं, मी चाखलाय."

"तुमी रोजच चाकताय. गुळानं दुधाचा चहा फुटायला लागला म्हून मी साकर घालती. सभासदाची येती न्हवं कारखान्यावरनं, त्यीच. आता तिसरं वरीस हाय." ती व्याह्यांकडं वळली. "आन् ह्ये रोज सकाळी कप तोंडाला लावत्यात न् म्हंत्यात, वा, माझा गूळ!"

नागेश पाण्याकडं बघायला लागला. सर्जेरावांनी तर दिलेला शब्द पाळला. जिभेचं नावही काढलं नाही. नुसता टॉवेल तोंडात कोंबला. माझ्याच गळ्यातला.

सुभेदार इतका वेळ खाली मान घालून बसले होते. त्यांनी मान वर केली. नारळ घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडं नीट बघितलं. मग बाजेवर थोडं सरकले आणि शेजारची मोकळी जागा हातानं थोपटली.

"या जोतीराव," ते हळूच म्हणाले. "बसा हितं, माझ्याजवळ."

मी बसलो.