आईचं वजन आणि माझी भुर्जी

आईचं वजन वाढवणं म्हणजे काय मोठं! मी डॉक्टरांना छातीठोकपणे सांगून टाकलं, "महिन्याभरात दाखवतो!"

आमची आई, सगुणा, ठाण्याच्या कोळीवाड्यातली. सगळा जन्म मासळी विकण्यात गेला. ब्याण्णव साली किडनी बसली, डायलिसिस सुरू झालं आणि बाई वाळायला लागली. डॉक्टर म्हणाले, "नाथा, यांच्या अंगावर मांस हवं. हाडं ठिसूळ झालीयत, इतक्या हडकुळ्या राहिल्या तर नुसत्या घसरण्यानं मोडतील. अंड्याचा पांढरा भाग द्या. मीठ कमी, सुकी मासळी बंद!"

मी वागळे इस्टेटमध्ये सुपरवायझर. अख्खं खातं माझं ऐकतं, मग आईचं पोट काय चीज! बायकोला म्हटलं, "शेवंती, तू बाजूला हो." रोज सकाळी बिनमिठाची पांढरी भुर्जी आईपुढे ठेवून कामावर पळायचो. संध्याकाळी ताटली चकाचक! पण दवाखान्यात डायलिसिसआधी वजन करायचे, तो काटा काही हलेना. दर खेपेला मी त्या काट्यासमोर तोंड पाडून उभा, आणि आई माझ्याकडे बघत.

आणि एका सोमवारी काटा चढला! नेहमीपेक्षा अडीच किलो जास्त!

"वाढलं!" मी असा ओरडलो की शेजारचा पेशंट दचकून उठला.

हेमा सिस्टरने डोळे वटारले. "मावशी, पाणी प्यायलात ना?"

"पाणी नाही सिस्टर, मांस! माझी भुर्जी आहे ती!"

"मागच्या डायलिसिसपासून तीन दिवसांत एवढं मांस चढत नसतं. हे पाणीच. मशीनवर काढावं लागणार."

"खबरदार! माझी मेहनत आहे!"

आरडाओरडा ऐकून डॉक्टर आले. त्यांनी आईचे पाय दाबून पाहिले. "सूज नाही, दम नाही. मग पाणी गेलं कुठे? मावशी, खरं सांगा. नसलेलं पाणी मशीनने खेचलं तर बीपी उतरून जिवावर बेतेल."

"थांब गं बाय!" आईने सिस्टरचा हात धरला. "नाय तो पानी कुठसून काडशील?"

तिने ओच्यात हात घालून एक पुरचुंडी काढली आणि ट्रेमध्ये धाडकन टाकली. शिसं! खाडीत फेकायचं जाळं बुडावं म्हणून त्याच्या कडेला लावतात ते. आमच्या बापाच्या जाळ्याचं!

ही गप्प बसली असती तर?

"आई, हे काय केलंस गं?"

"कराचा काय? तू दर टायमाला तोंड पाडून उभा. मना बगवत नाय रं. म्हनलं, पोराला जरा बरा वाटंल."

"आणि माझी भुर्जी?"

"बोक्याला. पयले दिवशी खाल्ली, मंग त्यानं पन तोंड फिरवला. मंग कावल्यांना."

डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "मावशी, सुनेच्या हातची ताजी मासळी खाल? मी सांगीन तेवढीच, मीठ बेताचं."

"खाईन की!"

आईच्या त्या काटकुळ्या कमरेला मिठी मारली आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडलो. आईने पाठीवरून हात फिरवला आणि डॉक्टरांना हळूच म्हणाली, "डाक्टर, ह्यो रडतंय तवर लिवून दे, ह्यानं चुलीपाशी जायाचा नाय! गप झाला का परत अंडी आनाया पलंल!"