हिलालनानांचा खड्डा

आमच्या गल्लीतले हिलालनाना गटाराचं पाणी हुंगतात. चोरून नव्हे, चारचौघांत. पावसाची सर थांबली की पायजमा वर खोचून ते गटाराच्या काठाशी उकिडवे बसतात, ओंजळभर पाणी नाकाशी नेतात आणि जाहीर करतात की वरच्या गॅरेजवाल्याने आज इंजिनाचं ऑइल सोडलंय. अवकाळी पाऊस असला तर मिरच्या वाळत घातलेल्या पथारीवरून आलेलं पाणी ते न हुंगताच ओळखतात, कारण आधी शिंक येते. एकदा महागातल्या साबणाच्या वासावरून शेजारच्या पाटलांकडे मुलगी बघायला पाहुणे येणार हे त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. संध्याकाळी पाहुणे आले.

मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक. नंदुरबारात शिकवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. इतक्या वर्षांत गल्लीतल्या एकानेही मला पाण्याबद्दल काही विचारलेलं नाही. नाना एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, दहावी नापास, आणि पाण्याचं काहीही झालं की लोक रस्त्यातच त्यांना गाठतात. मला त्यांचा हेवा वाटतो. हे एकदा सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवणार नाही.

गल्लीच्या टोकाला एक जुनी विहीर आहे. नळाला पाणी आलं नाही की धुण्याभांड्याला तीच. पण उतार असा, की पावसात रस्त्यावरचं सगळं तेलकट पाणी थेट विहिरीत. नानांनी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि विहिरीच्या अलीकडे खड्डा खणला. खाली दगड, त्यावर वाळू, त्यावर कांद्याच्या जाळीदार गोण्यांत भरलेला कोळसा. पाणी त्यातून गाळून मगच विहिरीत जायचं.

कोळसाही साधा नाही. तळोद्याकडून येणाऱ्या जीपवाल्याला सांगून ते पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, मागवतात. त्या पत्र्याच्या पिंपात कोंडून, हवा न लागू देता भाजतात. पिंपाच्या नादाने त्यांना एक सवयच जडलीय. कुठेही भांडण पेटलं की नाना म्हणतात, "झाकन लाई द्या," म्हणजे झाकण लावून टाका. नवराबायकोचं असो, नगरसेवकाचं असो, उपाय एकच. मी कोळशातल्या सूक्ष्म छिद्रांविषयी त्यांना समजावायला गेलो तेव्हाही त्यांनी मला अदबीने हेच सांगितलं.

पुढची पायरी ताकाची. गंजके खिळे आणि लोखंडाचा कीस ते आंबट ताकात आठ दिवस भिजवतात, त्या पाण्यात कोळसा मुरवतात, वाळवतात आणि पुन्हा भाजतात. लोखंड बसलेला कोळसा साध्या कोळशाला न जुमानणारे काही क्षारही धरून ठेवतो. हे पुस्तकात आहे, मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण ताक आमच्या घरून जातं. माझ्या बायकोने गेल्या पावसाळ्यापासून कढी केलेली नाही. विचारलं तर म्हणते, नानांचं काम गल्लीचं आहे, तुमचं जेवण तुमच्या एकट्याचं.

दर रविवारी सकाळी नाना खड्डा उघडतात आणि जुना कोळसा काढून नवा भरतात. मग तिथे जत्रा जमते. कोणी गोणी धरतं, कोणी नुसतंच कमरेवर हात ठेवून सूचना देतं, बायका चहा आणतात, जीपवाला मोलगीच्या बाजारातल्या गप्पा सांगतो. मी माझ्या गॅलरीतून वर्तमानपत्र वाचल्यासारखं करतो. दोन तासांत माझं पान उलटत नाही.

अशात नगरपालिकेच्या तरुण अभियंत्याला तो खड्डा आवडला. आणखी दोन ठिकाणी तसे खड्डे करायचे होते. काम होतं का आणि कोळसा किती दिवसांनी बदलायचा, याचा लेखी अहवाल त्याने माझ्याकडे मागितला. माझ्याकडे. मी त्या दिवशी कॉलेजात सगळ्यांना दोनदा चहा पाजला.

पावसाळाभर मी खड्ड्याच्या वरचं आणि खालचं पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत तपासलं. खोटं कशाला बोलू, ते नापास व्हावं असं मला वाटत होतं. पाणी पास झालं. प्यायला नाही, पण धुण्याभांड्याला चोख. तेल अडत होतं, क्षार अडत होते. मी दोन दिवस कोणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी आकडे पुन्हा पाहताना मला हवी होती ती चूक सापडली. नानांनी टाकून दिलेला कोळसा मी तपासायला आणला होता. तो आठ दिवसांत तेल-क्षारांनी जेमतेम चतुर्थांश भरला होता. चांगला महिनाभर चालला असता. म्हणजे नाना चौपट पऱ्हाट्या जाळत होते, चौपट राबत होते आणि माझी कढीही चौपट आंबवत होते.

मी अहवाल टाइप केला, 'कोळसा महिन्यातून एकदा बदलणे पुरेसे', आणि तो पाठवण्याआधी शनिवारी संध्याकाळी नानांच्या घरी गेलो. त्यांचा चेहरा पडलेला मला बघायचा होता. मुलगा सुरतेला, बायको चार वर्षांपूर्वी गेलेली. दार सताड उघडं होतं आणि नाना जमिनीवर बसून एकटेच भाकरी खात होते. मी कागद पुढे धरला आणि हिशेब समजावून सांगितला.

नानांनी हात धुतला, कागद न घेता म्हणाले, "सर, माले माहीत शे. महिनाभर चालस तो कोयसा."

मग दर रविवारी कशाला बदलता, मी विचारलं.

"खड्डा उघडा की चार लोके थांबतस, बोलतस," नाना म्हणाले. "घरनं दार दिनभर उघडं ऱ्हास. कोनी येत नही."

तक्रार नव्हती, पाण्याचा वास सांगावा तितक्या सहज ते सांगत होते. मग त्यांनी मला भाकरी खाणार का विचारलं. मी नको म्हणालो आणि तरी बसलो. ज्या गर्दीवर मी वर्षभर जळत होतो, ती या माणसाची आठवड्यातली सगळी सोबत होती, आणि ती बंद करायचा कागद मी छाती फुगवून घेऊन आलो होतो. मला माझीच लाज वाटली.

घरी येऊन अहवालात एक वाक्य वाढवलं: 'मात्र खड्डा दर रविवारी सकाळी उघडून तपासणे तांत्रिक कारणास्तव अत्यावश्यक.'

सोमवारी अभियंत्याचा फोन आला. बाकी सगळं पटलं, पण तांत्रिक कारण कोणतं, ते त्याला हवं होतं.

"फोनवर नाही सांगता येणार," मी म्हणालो. "रविवारी सकाळी या. खड्ड्यापाशी बसून बोलू."