बारा व्होल्टांची विचारपूस

आजारी माणसाला औषधाने गुण येतो, ही समजूत डॉक्टर मंडळींनी पसरवलेली आहे. आमच्या भागात माणूस बरा होतो तो विचारपुशीने. ज्याच्या दारात चपला जास्त, तो लवकर उठून बसतो. (उलट घडल्याचीही उदाहरणे आहेत, पण ती नोंदवून ठेवण्याची पद्धत नाही.) हे तत्त्व माणसाला लागू असेल तर गाडीला का नसावे, या प्रश्नाचा आमच्या गावाने जो अभ्यास केला, त्याचा हा अहवाल आहे. तो मी लिहितो आहे, कारण मी वाचनालयाचा ग्रंथपाल असून माझे अक्षर बरे आहे.

आमच्या शेजारच्या आप्पासोंनी इलेक्ट्रिक गाडी घेतली ती पत्नीसाठी, असे त्यांनी पेढे वाटताना सांगितले होते. राहीबाईंची थोरली बहीण मनुबाई वाईला असते. राहीबाईंना एसटीत कंबर धरते, मनुबाईंना गुडघ्यामुळे उंबरा ओलांडवत नाही, आणि अशा रीतीने दोघी बहिणी तीन वर्षे भेटल्या नव्हत्या. आता मनुबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन साताऱ्यात ठरले होते, गुरुवारी सकाळी अकराला. त्याआधी बहिणीजवळ जाऊन बसायचे, एवढेच राहीबाईंना हवे होते. "ती लय भित्री हाय वो," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. येणारे-जाणारे मान डोलावून गाडी बघायला वळत.

गाडीबरोबर मोबाईलवर एक अ‍ॅप मिळाले होते. गाडी कुठे आहे, चार्जिंग किती आहे, दारे लागली आहेत का, आत गरम किती होते आहे, हे सगळे त्यात घरबसल्या कळते. आप्पासोंचा मुलगा ऋषिराज पुण्यात नोकरीला आहे. त्याने अ‍ॅपचा पासवर्ड घरच्या ग्रुपवर टाकला, म्हणजे कोणाला परकेपणा वाटायला नको. ग्रुपवर त्रेचाळीस माणसे आहेत. (मी नात्यातला नाही. शेजारी म्हणून चव्वेचाळिसावा.)

अभ्यासाअंती असे दिसून आले, की गाडीची दिवसाला सरासरी तीनशे अकरा वेळा विचारपूस होत होती. पैकी चाळीस टक्के सकाळच्या चहाबरोबर, पस्तीस टक्के जेवल्यावर आणि उरलेली विनाकारण. महाबळेश्वरला टॅक्सी चालवणारे एक जावई गिऱ्हाइकाची वाट पाहता पाहता आमच्या गाडीतले तापमान बघत आणि वर पाऊस आहे असे कळवत. आप्पासोंचे धाकटे बंधू नाथाजी हे निवृत्त सुभेदार. त्यांनी सकाळी सहा आणि संध्याकाळी सात अशी गाडीची गिनती सुरू केली आणि 'गाडी हजर, सब ठीक' असा संदेश दोन्ही वेळा ग्रुपवर पडू लागला. गाडी त्यांना खिडकीतून दिसत असे, पण दिसणे वेगळे आणि रिपोर्ट मिळणे वेगळे.

सोमवारी राहीबाई पिशवी भरून निघाल्या तर गाडी उठेना. स्क्रीन काळी, बटण दाबून दार उघडेना. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या आकारामला बोलावण्यात आले. त्याने किल्लीने दार उघडून जे समजावले ते असे: या गाडीत बॅटऱ्या दोन. मोठी गाडी पळवते, आणि बारा व्होल्टची एक छोटी असते, ती नुसती गाडीला जागे करते. मोठी ब्याण्णव टक्के भरलेली होती. छोटी मेली होती. कारखान्याचा चेअरमन गेटवर येऊन उभा राहिला तरी शिपाई किल्ली घेऊन आल्याशिवाय ऑफिस उघडत नाही, त्यातलाच हा प्रकार. आकारामने ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी जोडून गाडी उठवली आणि सांगितले, आता खुशाल जावा, चालवली की छोटीबी आपोआप भरंल. आप्पासोंना हे पटले नाही. आजारातून नुकत्याच उठलेल्या जिवाला त्याच दिवशी सव्वाशे किलोमीटर पळवणे त्यांना माणुसकीला धरून वाटेना. जाणे मंगळवारवर गेले.

दुखण्याची बातमी ग्रुपवर गेल्यावर नातलग काळजीत पडले आणि सोमवारची विचारपूस नऊशे दोनवर पोचली. मंगळवारी गाडी पुन्हा मेलेली होती. आकारामने ती पुन्हा उठवली, पण कारण कळेपर्यंत तिला रस्त्यावर काढायची नाही, असे आप्पासोंनी ठरवले.

तेव्हा चौकशी समिती नेमण्यात आली. अध्यक्ष आप्पासो, सदस्य नाथाजी, चिटणीस मी. समितीने पुढील कारणांचा विचार केला: गाडीचे तोंड दक्षिणेला असणे, समोरच्या घरच्या कुत्र्याचे मागच्या टायरशी वागणे, ऋषिराजने पुण्याहून रोज सकाळी एसी लावून बघणे (हे कारण तो एकुलता एक असल्याने वगळण्यात आले), आणि राहीबाईंनी भरलेली पिशवी घेऊन पायरीवर उभे राहणे. शेवटच्या कारणाने गाडीवर दडपण येत असावे, असे नाथाजींचे मत पडले. राहीबाईंना आत बसण्याची विनंती करण्यात आली. गाडी ढकलून तिचे तोंड पूर्वेला करण्यात आले.

बुधवारी सकाळी आकारामने गाडी तिसऱ्यांदा उठवली, पण या वेळी तो लगेच गेला नाही. मीटर लावून तासभर उकिडवा बसून राहिला. मग त्याने आप्पासोंचा मोबाईल मागून घेतला, अ‍ॅप उघडले, आणि मीटरवरचा आकडा कसा हलतो ते त्यांना दाखवले.

"आप्पासो, ही गाडी आजारी न्हाई," तो म्हणाला. "तुमी तिला झोपूच देत न्हाईसा. एकानं इचारलं की ती उठती, सगळी यंत्रं चालू करती, बरी हाय म्हणून सांगती आन् पडती. डोळा लागतोय तवर दुसरा इचारतोय."

समितीने हे म्हणणे एकमताने मान्य केले. (मला त्या क्षणी खरोखर शरमल्यासारखे झाले, कारण त्या तासाभरात मीही दोनदा पाहिले होते.) बुधवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा गाडीला पूर्ण विश्रांती द्यावी, कोणीही अ‍ॅप उघडू नये, असा ठराव ग्रुपवर टाकण्यात आला आणि सर्वांनी हात जोडून त्याला पाठिंबा दिला. आता ठराव पाळला जातो आहे की नाही, हे पाहणे आले. गाडी झोपली आहे का, हे नाथाजी दर पंधरा मिनिटांनी अ‍ॅप उघडून बघत होते. ते बघत असावेत अशी ऋषिराजला शंका आल्यामुळे तोही बघत होता. बाकीच्यांनी विश्रांती कशी चालली आहे तेवढेच पाहिले. त्या दिवशीचा आकडा अकराशे चाळीस.

गुरुवारी पहाटे राहीबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. आप्पासोंनी बटण दाबले. काही झाले नाही. त्यांनी आकारामला फोन लावायला घेतला, तेव्हा राहीबाईंनी पायात चपला घातल्या.

"तुमी गाडीपाशी थांबा," त्या म्हणाल्या. "तिला माणसं लागत्यात. मी जाते येष्टीनं."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. आम्ही तिघेही समितीसदस्य गाडीभोवती उभे होतो आणि आम्हा तिघांनाही कुठे बघावे ते कळेना, म्हणून आम्ही मोबाईलमध्ये बघितले.

एसटीने राहीबाईंची कंबर धरली ती पुढे आठ दिवस सुटली नाही. पण त्या साडेदहाला दवाखान्यात पोचल्या आणि मनुबाईंना आत नेईपर्यंत दोघींना पंचवीस मिनिटे मिळाली. मनुबाईंनी तेवढा वेळ बहिणीचा हात सोडला नाही. हे मला नंतर राहीबाईंनीच सांगितले. ऑपरेशन नीट झाले, हे कळवायला त्यांनी दुपारी फोन केला होता. आप्पासोंनी तो घेतला आणि आधी बॅटरी कशी आहे ते सांगितले.

तोवर आकारामने अ‍ॅपचा पासवर्ड बदलून टाकला होता. नवा तो कोणालाच सांगत नाही, राहीबाईंना सोडून, आणि त्या अ‍ॅप उघडत नाहीत. छोटी बॅटरी आज बारा पूर्णांक सहा व्होल्टवर ठणठणीत आहे.

हा अहवाल ग्रुपवर टाकल्यापासून एकसष्ट शंका आल्या आहेत: बॅटरी कोणत्या कंपनीची, वॉरंटी किती वर्षांची, मीटर कुठे मिळतो. सर्वांना उत्तरे दिली. राहीबाईंनी मात्र वाचून एवढेच विचारले, की ऑपरेशन डाव्या गुडघ्याचे की उजव्या, हे यात का नाही. नाही, कारण ते मी कधी विचारलेच नव्हते. आपणही इथवर सगळे व्होल्ट नीट वाचत आलात, आणि हे आपल्यालाही विचारावेसे वाटलेले नाही.