काळ्या पट्ट्यांवरचा वॉल्ट्झ

लिंडसे पेंगेलीला बायकोला ‘परत ये’ असं म्हणता येत नव्हतं, म्हणून तो पियानो शिकायला बसला.

मर्ल ब्रोकन हिलला गेली होती ती तिच्या बहिणीचं, बेरिलचं, खुब्याचं हाड मोडलं म्हणून. कोंबड्यांच्या खुराड्याची पायरी चुकली आणि बेरिल आडवी झाली. ‘जाते आणि येते’ म्हणून मर्ल गेली ती उन्हाळ्यात. आता त्यांच्या वॉलरू गावच्या धक्क्यावर खेकडे पकडणारे स्वेटर घालून यायला लागले होते, तरी तिचा पत्ता नव्हता. दर रविवारी जेवणानंतर तिचा फोन यायचा.

“लिंबाला पाणी घातलंस?”

“घातलं.”

“जेवतोस ना नीट?”

“जेवतो.”

“बरं.”

“बरं.”

मग लिंडसे ‘परत ये’ म्हणायला तोंड उघडायचा आणि ‘ठेवतो’ म्हणायचा. सगळी नोकरी त्याने धक्क्यावर जहाजात गहू भरण्यात घालवली होती. धान्य वाहणाऱ्या पट्ट्यांच्या खडखडाटात माणसं हातवारे करून बोलायची. तिथं कुणी कुणाला ‘तुझ्यावाचून घर खायला उठतं’ असं सांगत नसे, आणि सांगितलं असतं तरी ऐकू गेलं नसतं.

घरात मर्लचा पियानो होता. रविवारी चर्चमध्ये वाजवायची प्रार्थना ती शनिवारी त्याच्यावर घोटून घ्यायची, आणि लिंडसे पलीकडच्या खोलीत पेपर वाचायचं सोंग करत ऐकायचा. आता झाकण बंद होतं. एके दिवशी धूळ पुसताना त्याला वाटलं, बोलता येत नाही तर नाही. पण लग्नाआधी टाऊन हॉलमध्ये ज्या वॉल्ट्झवर नाचताना आपण तिच्या पायावर पाय दिला होता, तो फोनवर वाजवून दाखवला तर? तिला कळेल. न कळायला ती काय बेरिल आहे?

ॲडलेडला असणाऱ्या मुलीने, जेनिनने, लॅपटॉपवर पियानो शिकवणारा प्रोग्राम घालून दिला. “बाबा, हा तुझं वाजवणं ऐकतो आणि चुकलं की सांगतो. तुझं नाव टाकलंय मी. आईला नाही सांगत, जा.”

प्रोग्राममध्ये शिकवायला मिस ऑड्री होती. दिसायची नाही, नुसता आवाज. मधाळ, न चिडणारा. लिंडसेला ऐकायला कमी यायचं, म्हणून त्याने तो आवाज होता तेवढा मोठा केला.

“चल, लिंडसे,” मिस ऑड्री म्हणाली, “पडद्यावर दिसतेय ती पांढरी पट्टी दाब.”

लिंडसेने दाबली.

“जवळ आलास. पण हा तो सूर नव्हे. पुन्हा.”

त्याने पुन्हा दाबली. चष्मा लावून दाबली. पट्टीवर पेन्सिलीने खूण करून दाबली. मिस ऑड्री दर वेळी तेवढ्याच गोडव्याने म्हणे, “जवळ आलास.” दुसरा कुणी असता तर त्याने लॅपटॉप समुद्रात टाकला असता, पण गेले कित्येक महिने लिंडसेला कुणी ‘जवळ आलास’ म्हटलं नव्हतं. तो बसून राहिला. शेवटी चिडून दाबताना बोट घसरलं आणि शेजारच्या काळ्या पट्टीवर पडलं.

“वा! अगदी बरोबर!”

गोम अशी होती की मर्लचा पियानो जुना, तारा ताणल्या तर तुटायच्या, म्हणून सूर लावणाऱ्याने तो मुद्दाम अर्धा सूर खाली लावून ठेवला होता. हे मर्लला ठाऊक होतं, लिंडसेला नव्हतं. त्याने आपल्यापुरता नियम बांधला: पडद्यावर दिसेल त्याच्या उजवीकडची पट्टी दाबायची. लहान मुलांसाठी पांढऱ्या पट्ट्यांवर बसवलेला सोपा वॉल्ट्झ तो काळ्यांवरून, बोटं मुरगळत, तारेवर चालल्यासारखा शिकू लागला. एका ओळीला आठवडा लागायचा.

शेजारच्या ग्लेनिसने पियानो ऐकला नाही. पियानो काय, मुलंही बडवतात. तिने कुंपणापाशी कपडे वाळत घालताना ऐकला तो आवाज.

“बोटं सैल सोड, लिंडसे. अस्सं. हळू... घाई कसली? आता डावा हात.”

ग्लेनिसच्या हातातला चिमटा खाली पडला.

दुसऱ्या दिवशी ती केक घेऊन आली. मान लांब करून तिने लिंडसेच्या खांद्यावरून आत बघितलं.

“पाहुणे आलेत वाटतं?”

“नाही बुवा.”

“बाईचा आवाज आला म्हणून म्हटलं.”

खरं सांगावं तर गोष्ट मर्लपर्यंत पोचणार आणि सगळी मजा जाणार. “रेडिओ,” लिंडसे म्हणाला.

“तुमचा रेडिओ तुला नावाने हाक मारतो?”

लिंडसेने केक घेतला, दार लावलं आणि खबरदारी म्हणून पडदेही ओढून घेतले. भर दुपारी पडदे ओढलेले पाहून ग्लेनिसला जे कळायचं ते कळलं.

पुढची माती त्याने गवतावर चेंडू घरंगळवायच्या बोल्स क्लबात स्वतःच खाल्ली. जुना सोबती कीथ म्हणाला, “गुरुवारच्या खेळाला येत नाहीस हल्ली. करतोस काय घरात?”

“शिकतोय जरा.”

“या वयात?”

“शिकवणारी चांगली असली की जमतं,” लिंडसे बोलून गेला.

“कोण शिकवणारी?”

“ऑड्री,” तो सवयीने म्हणाला, आणि जीभ चावली. “म्हणजे, तसं काही नाही.”

कीथने ग्लास खाली ठेवला आणि त्याच्याकडे असं काही पाहिलं की जणू आजवर लिंडसेला नीट पाहिलंच नव्हतं.

वॉलरूत ऑड्री एकच होती. ऑड्री बॉस्वर्थ, वाचनालयातली विधवा, नीटनेटकी, मोत्यांचे कानातले घालणारी. बेकरीत खिम्याच्या पेस्टी-करंज्यांच्या रांगेत दोघीतिघींनी तिला आडून आडून विचारलं. तिने नाकारलं खरं. पण अशी गोष्ट जेवढ्या घाईने नाकारायला हवी तेवढ्या घाईने नाही. मग तिने केसांवरून हात फिरवला. तेवढं गावाला पुरलं.

बुधवारी लिंडसेचा फोन वाजला. मर्लचा. बुधवारी!

“घरात कोण आहे?”

“कोण असणार? मी.”

“लिंडसे. मला ग्लेनिसचा फोन आला होता. मी एकदाच विचारतेय.”

“अगं कुणी नाही, शपथ—”

तेवढ्यात पाठीमागून, बराच वेळ कुणी पट्टी दाबली नाही हे लक्षात येऊन, मिस ऑड्री लाडिकपणे म्हणाली, “लिंडसे, आहेस ना? मी थांबलेय तुझ्यासाठी.”

फोन बंद झाला.

लिंडसेने लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, मग पुन्हा. शेवटी बेरिलने उचलला. “अरे गाढवा,” बेरिल म्हणाली, “ती बॅग भरतेय. माझ्या स्वयंपाकघरातली कपाटं अशी आपटतेय की बशा फुटतील. उद्याच्या बसने येतेय ती.”

“येतेय?”

“येतेय!”

लिंडसे खुर्चीत बसला. तोंड आपोआप हसत होतं. ते त्याला आवरेना. मर्ल येतेय. चिडून, पेटून, जीव घ्यायला का होईना, पण येतेय. त्याने शर्टाला इस्त्री केली. कॉलर जाळली. दुसऱ्या शर्टाला केली.

बस आली तेव्हा थांब्यावर नेहमीपेक्षा चारपट माणसं होती, आणि त्यातल्या एकालाही कुठं जायचं नव्हतं. मर्ल उतरली. बारीक झाली होती. अंगात तिचा निळा कोट होता; लिंडसे बॅग घ्यायला पुढे झाला.

“अजून आहे का ती?” मर्लने विचारलं.

“कोण?”

“ऑड्री.”

“आहे की. पियानोवर ठेवलीय.”

मर्लने बॅग त्याच्या पायावर सोडली आणि घराकडे तरातरा चालू लागली.

घरी आल्यावर तिने कोटही काढला नाही. प्रत्येक खोलीत डोकावली, न्हाणीघराचं दार उघडून बघितलं, आणि बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. लिंडसेने लॅपटॉप उघडला, पियानोचं झाकण वर केलं आणि बसला. गव्हाची पोती उचललेली त्याची जाड बोटं काळ्या पट्ट्यांवरून चाचपडत निघाली. एक दोन तीन, एक दोन... तीन. मध्ये थांबला, मागे आला, पुन्हा निघाला.

“सुरेख, लिंडसे!” मिस ऑड्री म्हणाली. “तुझा मला अभिमान वाटतो.”

मर्लने लॅपटॉपकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या बोटांकडे.

“हे काय वाजवतोयस?”

“वॉल्ट्झ. टाऊन हॉलचा.”

“ते कळलं मला. पण अरे, हा काळ्यांवरून? असा तर मलासुद्धा येणार नाही! कुणी सांगितलं तुला?”

त्याने उजवीकडच्या पट्टीचा नियम सांगितला. मर्ल भिंतीला टेकली आणि हसू लागली. हसता हसता कोटासकट स्टुलाच्या कडेवर बसली, त्याच्या शेजारी, आणि रुमाल शोधू लागली. “पियानो उतरवून लावलाय, वेड्या. पियानोच उतरलेला आहे. तू पहिल्या दिवसापासून बरोबर वाजवत होतास.”

लिंडसेने लॅपटॉप मिटला. जाऊ दे. महिनेच्या महिने फुकट बोटं मुरगळली होती.

“कशासाठी पण एवढं?” तिने डोळे पुसत विचारलं.

“फोनवर वाजवून दाखवणार होतो.”

“का?”

“बोलता येत नव्हतं.”

“काय बोलता येत नव्हतं?”

लिंडसे पट्ट्यांकडे बघत राहिला. “परत ये, असं.”

मर्ल हळू म्हणाली, “बेरिल ईस्टरपासून चालतेय. कोंबड्यांच्या मागे पळते आता.”

“मग तू का नाही आलीस?”

“कुणी बोलवेल म्हणून बसले होते. दर रविवारी फोन करायचे, आणि तू मला लिंबाचं सांगायचास.”

“तू लिंबाचंच विचारायचीस!”

“मग काय विचारणार? मी तुला आठवते का, असं?”

“आठवतेस,” लिंडसे म्हणाला.

“काय?”

“आठवतेस! रोज! जाऊ नकोस आता कुठं!” ऐकायला कमी येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. खिडकी उघडी होती, आणि कुंपणापलीकडे कपडे वाळायला आज फारच वेळ लागत होता.

संध्याकाळपर्यंत गावात पक्कं झालं: लिंडसे पेंगेली बायकोच्या पायावर पडला, ढसाढसा रडला, ‘जाऊ नकोस’ म्हणाला, आणि त्या माउलीने त्याला पदरात घेतलं. ग्लेनिसने मोठं भांडं भरून मटण आणून दिलं आणि मर्लचे हात धरले. “धीराची आहेस हो,” ती म्हणाली. क्लबात कीथने लिंडसेसाठी बाजूची खुर्ची ओढली आणि इतरांनी त्याच्याकडे ज्या आदराने पाहिलं, तो आदर त्याला उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

“मी सगळ्यांना खरं सांगून टाकतो,” तो घरी येऊन म्हणाला. “तो लॅपटॉपच दाखवतो.”

“काही गरज नाही,” मर्ल मटण वाढत म्हणाली. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा या गावाला वाटलंय की माझ्या नवऱ्यावर कुणाची नजर जाऊ शकते. राहू दे की चार दिवस.”

रविवारी ती त्याच्याबरोबर चर्चला निघाली. पायऱ्यांपाशी ऑड्री बॉस्वर्थ उभी होती, डोक्यावर कोरी करकरीत जांभळी हॅट. तिने दोघांना गुड मॉर्निंग केलं. लिंडसेला जरा जास्तच लांबवून. मर्लने त्या हॅटकडे पाहिलं, मग लिंडसेकडे पाहिलं, आणि त्याचा दंड असा काही घट्ट धरला की वाजवायलाही न उठता प्रार्थना संपून बाहेर येईपर्यंत तो सोडलाच नाही.