कासवाचा खड्डा

आरमोरीतल्या निम्म्या घरांचे नकाशे या हातांनी काढलेत! कुणाच्या घरात ऊन यायला हवं, कुणाच्या घरात सासू यायला नको, सगळं मी कागदावर बसवून देतो. त्यामुळे माझ्या मेहुण्याने, म्हणजे माझ्या बायकोच्या, नूतनच्या भावाने, परदेशी नोकरीला जाताना आपलं पाळीव कासव कागदपत्रांसकट आमच्याकडे सोडलं, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "याला घरातल्या घरात बंगला बांधून देतो!"

अडचण एकच होती. आम्ही भाड्याने राहतो, आणि घरमालकीण धुरपताबाईंची पहिलीच अट : घरात जनावर नको! ऑफिसला लागून, नळाला भरपूर पाणी, असं दुसरं घर गावात मिळणार नव्हतं. हे गेलं असतं तर नूतनने मला जन्मभर माफ केलं नसतं.

म्हणून काम गुपचूप सुरू केलं. मागच्या खोलीची जमीन मातीची. कासवाला उकरायला आवडतं, म्हणून चुन्याने चौकोन आखून फूटभर खड्डा खणायला घेतला. उबेसाठी बल्ब टांगला. दुकानात लालच मिळाला. खिडकीला चादर लावली. हे सगळं मिळून काय दिसतं, ते माझ्या डोक्यातच आलं नाही!

एरवी परसाकडे न फिरकणाऱ्या धुरपताबाई आता घटकेघटकेला वाळत घातलेल्या मिरच्या उलथवायला येऊ लागल्या. एका सुपातल्या मिरच्या उलथवायच्या तरी किती? मला संशय आला, बाईंना कासवाचा सुगावा लागला!

"भाऊ, अंदर काय ठोकून राह्यले जी?"

"काही नाही बाई, उंदराचं बीळ बुजवतोय."

"बीळ बुजवून राह्यले, तं माती बाहेर काऊन येऊन राह्यली?"

मी ततपप करून आत पळालो. दुसऱ्या दिवशी कासवाच्या जेवणासाठी फुलं हवी होती.

"बाई, तुमच्या जास्वंदीची लाल फुलं घेऊ?"

"लालच काऊन? पांढरी नाई चालत?"

"नाही, त्याला लालच आवडतात."

"त्याले? कोणाले?"

"दे... देवाला!"

बाई मागे सरकल्या. त्या दिवशी अमावस्या होती, हे मला कुठे ठाऊक! बाईंना ठाऊक होतं.

संध्याकाळी दार धडधडलं. पोलीस जमादार, बाई आणि मागे अख्खी गल्ली!

"साहेब, गुप्तधन काढून राह्यले हे! माझ्या घरातलं!"

जमादारांनी मागची खोली उघडली. चुन्याचा चौकोन, लाल उजेड, लाल फुलं, आणि खड्ड्यात घमेलं घेऊन उभा मी! शेजारच्या वडशाच्या झाडीपट्टी नाटकातला मांत्रिक माझ्यापेक्षा साधा दिसला असता. तेवढ्यात कोपऱ्यातून कासव निघालं.

"बाप्पा! कासव!" गल्ली ओरडली. वीस नखांचं कासव गुप्तधन दाखवतं, अशी आमच्याकडे एक अफवा फिरते. मला सोडून सगळ्यांना ती तोंडपाठ होती.

"नखं किती याले?" जमादारांनी विचारलं.

"मोजली नाहीत, साहेब."

"पाह्यलं? लपवून राह्यला!" बाई म्हणाल्या.

जमादार गुडघ्यावर बसले. कासवाने चारही पाय आत ओढले. मग काय, सगळी गल्ली श्वास रोखून कासवाची वाट पाहत बसली! शेवटी नूतनने एक फूल पुढे टाकलं, तेव्हा महाशय बाहेर आले. नखं भरली अठरा! नूतनने कागदपत्रं दाखवली, भावाला फोन लावून दिला. जमादार हसत म्हणाले, "काय साहेब, फुकट धावपळ केली न!" आणि निघून गेले.

मी सुटलो म्हणून घाम पुसला. बाई मात्र खड्ड्याकडेच बघत होत्या.

"जमादाराले पटलं, मले नाई पटलं. येवढा शिकलेला ओवरसियर जनावरासाठी जमीन खोदन काय? खाली काईतरी असन. तुमी घर खाली करा, भाऊ."

आता आम्ही गावाच्या टोकाला राहतो. पाणी हातपंपाचं, आणि हापसायचं मी! नूतन माझ्याशी कामापुरतं बोलते. कासव न्हाणीघरात खुशाल आहे. त्याला बंगला नकोच होता म्हणे.

काल धुरपताबाईंचा फोन आला. आवाज गुळासारखा.

"भाऊ, तुमी किती खोल जाणार होते जी?"

"फूटभर, बाई."

"मी तं कंबरेइतकी गेली. काईच लागून नाई राह्यलं."

"अहो बाई, देवाशपथ सांगतो, खाली काहीही नाही!"

मग बाई हळूच म्हणाल्या,

"म्हणजे तुमी सगळं काढूनच नेलं म्हणा न!"