शहाणी गाळणी

आधीच सांगतो, माझी गाळणी चुकली नव्हती. घरात हे कुणाला पटत नाही, पण घरात माझं पटतं काय?

सासूबाईंचा वाढदिवस आमच्याकडे करायचा ठरला आणि मी जाहीर केलं, ‘‘कोण कुठं बसणार, ते माझा प्रोग्रॅम ठरवेल!’’ (नुकताच ऑफिसच्या खर्चानं प्रोग्रॅमिंगचा कोर्स केला होता. सर्टिफिकेट फ्रिजवर चिकटवलं आहे.)

मेहुणा पोटापाण्यासाठी प्रोग्रॅमिंगच करतो. तो हसला. ‘‘भावजी, नावांचा अ‍ॅरे, म्हणजे यादी करा. वयानं लावायला सॉर्ट, नको ती गाळायला फिल्टर. तयार फंक्शन्स आहेत, एका ओळीचं काम.’’

‘‘तयार माल कुणीही वापरेल! माझं प्रत्येक फंक्शन एआयला विचारून उत्तर देणार. तुझ्या फिल्टरला माणसं कळतात का?’’

‘‘आणि तुमची गाळणी चुकली तर?’’

‘‘तर माझी आरामखुर्ची तुझी!’’

बायकोनं कपाळावर हात मारला. त्या खुर्चीखेरीज या घरात माझ्या मालकीचं काहीच नाही.

वाढदिवसाच्या दिवशी सगळे टेबलाभोवती उभे. मी लॅपटॉप उघडला. आधी नावं मोजायला सांगितली. एआय म्हणालं, आठ. ‘‘नक्की?’’ ‘‘क्षमस्व, दहा.’’ होतो आम्ही नऊ. पुन्हा दरडावलं, तर म्हणालं, ‘‘तुम्ही म्हणाल तेवढी.’’ (इतक्या अदबीनं माझ्याशी या घरात कुणी बोललेलं नाही.)

मग वयानं लावायला सांगितलं. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे मावशींचं वय त्याला चुकीचं वाटलं, म्हणून त्यानं ते परस्पर कमी केलं आणि त्यांना भाच्यांच्या रांगेत बसवलं. मावशी खूश झाल्या. त्यांच्याहून वयानं धाकट्या असलेल्या सासूबाई मात्र खूश झाल्या नाहीत.

‘‘अहो, भाजी गार होतेय,’’ बायको म्हणाली.

‘‘खुर्च्या आठच आहेत,’’ मेहुणा गालात हसला. ‘‘चालवा गाळणी!’’

नावापुढे ज्याचं त्याचं काम लिहिलेलंच होतं. बायको स्वयंपाक, मेहुणा केक, मावशी गाणं, मी प्रोग्रॅम. मी ऐटीत अट टाईप केली, ‘ज्याच्यावाचून आजचं जेवण अडेल त्याला ठेव, बाकीचे गाळ.’ आणि स्क्रीन सगळ्यांकडे फिरवला.

आठ नावं आली. माझं नव्हतं.

‘‘चुकली!’’ मेहुणा ओरडला. ‘‘घरमालकच गाळला! खुर्ची माझी!’’

‘‘चुकली कसली?’’ बायको म्हणाली. ‘‘मघापासून पहिल्यांदाच बरोबर बोललंय ते.’’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इज्जत वाचवावी की खुर्ची? मी छाती पुढे काढली आणि ठणकावून सांगितलं, ‘‘उत्तर शंभर टक्के बरोबर आहे! मी फालतू आहे! सिद्ध करून दाखवू?’’

कुणीही पुरावा मागितला नाही.

खुर्ची वाचली. कोपऱ्यात तिच्यातच बसून, मांडीवर ताट घेऊन मी सगळ्यांच्या शेवटी जेवलो. भाजी संपली होती.