उजव्या खांद्याची मोहीम

श्रोते हो, सावध असावे. थोरांच्या लढाया थोरांनी लिहिल्या; येथे कात्रीबहाद्दर, काजबटणधुरंधर, शिंपीकुलदीपक मास्तर यांचे उजव्या खांद्यास सुजेने वेढा घातला, तो कैसा उठला, याची हकीकत यथास्थित लिहिली असे.

वर्षानुवर्षे कापड बेततां बेततां मास्तरांचे सांध्यात सूज शिरली आणि ठाणे देऊन बसली. मग हात कानापर्यंत चढेना, मग खांद्यापर्यंतही चढेना, आणि सदऱ्याची बाही घालणे म्हणजे घाट चढणे जाहले. ऐशात लेकीचे लग्न तोंडावर आले. परक्याची कात्री तिचे कापडास लागूं नये, पोशाख आपणच बेतावा, हा मास्तरांचा पण. लेक उंचीने बापास मागे टाकून गेलेली. तिचे खांद्यास टेप लावावयास हात उचलला, तो अर्ध्या वाटेतून माघारा फिरला. लेक म्हणाली, "बाबा, मी खाली बसते ना." ते शब्द मास्तरांस सुईहून बोचले, आणि डाक्तरीणबाईंकडे कूच मुक्रर जाहले.

डाक्तरीणबाईंनी खांदा तपासून सुजेवर स्टेरॉईडची सुई नेमिली, हे वर्तमान शेजारील इस्त्रीवाल्यास कळतांच तो बोलला, "मास्तर, ते पैलवानांचं काम. दंड फुगले म्हणजे स्वतःचेच सदरे उसवत बसाल." मास्तरांनी आपले दंडावरील शिवण चाचपून पाहिली. परंतु ही धास्ती ऐकून डाक्तरीणबाईंनी फर्माविले की, पैलवानांचे स्टेरॉईड, ते घराणे निराळे. हे औषध सूज उतरविणारे, नेमके सांध्यात सोडावयाचे. मग पुसिले की, साखरेचा विकार, रक्त पातळ करणारी गोळी, ताप, चिघळली जखम, यांपैकी काही आहे काय. सुई नाकारतील या धास्तीने मास्तरांनी सर्व ठणठणीत असल्याची ग्वाही दिली, तों त्यांचे कुटुंब बाईसाहेब उद्गारल्या, "ठणठणीत म्हणे. साखरेची गोळी रोज हातावर कोण ठेवतं मग?"

मास्तर भिंतीवरील हाडांचे चित्र न्याहाळूं लागले.

डाक्तरीणबाई रागे न भरतां वदल्या की, सुई देऊं, मात्र साखर काही दिवस उसळेल, ती रोज तपासावी. सोबतच्या बधिर औषधाचा आराम काही तासांचा पाहुणा, तो गेल्यावर दुखणे एखाद-दोन दिवस उलटून येईल. खरा उतार सावकाश पडेल, तोंवर खांद्यास जड काम नाही. मास्तरांचे कानी त्यातील 'आराम' तेवढा पोहोचला.

सुई जाहली, आणि दुकानी येतांच हात सरसर वर गेला, मग काय विचारतां, इस्त्रीवाल्यास तो हलवून दाखविला, मोठी कात्री उपसली आणि कोटाचे जाड कापड दिवसभर कापून काढिले. सायंकाळी पाहुणा निघोन गेला आणि ठणक दुप्पट फौजेनिशी चालून आला. मास्तरांनी कात्री खाली ठेविली. "खांदा गेला. पोरीचा पोशाखही गेला."

बाईसाहेबांनी फडक्यात बर्फ गुंडाळून खांद्यावर ठेविला आणि पुसिले, "अहो, कच्चा धागा घातलेला कोट गिऱ्हाईकाला घालून पाठवता का कधी?"

"कसा पाठवीन? उसवेल की वाटेतच."

"मग पक्की टीप पडू द्या आता. गप्प पडून राहा."

यातून मास्तरांस जें उमगले, तें डाक्तरीणबाईंचे फर्मानाने उमगले नव्हते. फोनवरून हुकूम आला की, ताप, लाली वा नवी सूज दिसल्यास, ठणक वाढतच गेल्यास, तत्काळ यावे, एरवी विसांवा. मास्तरांनी कात्री बाईसाहेबांचे स्वाधीन केली. साखर उसळली, लेकीने रोज बोट टोचून तिजवर पहारा ठेविला, मग ती उतरली. आणि हळूहळू वेढाही ढिला पडला. मास्तरांनी आणखी एक सुई हौसेने मागितली, ती नामंजूर होऊन, वरचेवर घेतल्यास सांध्याचीच नासाडी ऐसी समज मिळाली, आणि भिंतीवर बोटांनी चढण्याचा व्यायाम पदरी पडला.

अखेर एके सकाळी लेक ताठ उभी राहिली आणि मास्तरांचा हात, किंचित कुरकुरत, तिचे खांद्यावर दाखल जाहला. ते माप बापास तिचे लहानपणापासून, वाढत्या आकड्यांनिशी, तोंडपाठ. तरी टेप एकवार लाविली, मग पुन्हा लाविली.

"बाबा, झालं ना माप?"

"थांब जरा. हात आत्ता कुठे पोचलाय."

येणेप्रमाणे उजवा खांदा सर जाहला, आणि विजयी हात बराच वेळ खाली उतरला नाही, ऐसी नोंद असे.